बंदरं तीच, अटी कोणाच्या?

प्रश्न : परदेशी भांडवल घेऊनच चीन मोठा झाला. मग परदेशी कंपन्यांवर तिथे इतकी बंधनं का? याचा इतिहासाशी संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि तो बंदरांच्या यादीतच दिसतो. ब्रिटनविरुद्धचं पहिलं अफू युद्ध चीन हरल्यावर १८४२च्या नानजिंग तहाने ग्वांगझू, शियामेन, फूझू, निंगबो आणि शांघाय ही बंदरं ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुली करावी लागली. हाँगकाँग बेट गेलं, वर २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले. पण खरी मेख जकातीत होती. आयात शुल्क साधारण ५ टक्क्यांवर बांधलं गेलं, ते चीनला आपल्या मर्जीने वाढवता येईना. सीमाशुल्क खात्याचा प्रमुखही परकीच. १८६३पासून जवळपास अर्धशतक रॉबर्ट हार्ट. (खातं त्याने चोख चालवलं, हेही खरं.) परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर १९०१मध्ये ४५ कोटी ताएल (जुनं चिनी वजन) चांदीची भरपाई लादली गेली, सव्याज ३९ वर्षांत फेडायची. तारण मुख्यतः सीमाशुल्काच्या उत्पन्नाचंच. नवे कारखाने जगवायचे तर सुरुवातीला बाहेरच्या मालावर जकात चढवावी लागते, आणि नेमकं तेच हाती नव्हतं.

आता १९८० पाहा. शेन्झेन, झुहाई, शांतोऊ आणि शियामेन इथे विशेष आर्थिक क्षेत्रं निघाली. १९८४मध्ये किनाऱ्यावरची आणखी १४ शहरं खुली झाली, त्यांत १८४२च्या यादीतली उरलेली चारही. पाचही जुनी बंदरं पुन्हा उघडली, पण या वेळी नियम बीजिंगने लिहिले. मोटारी बनवायला येणाऱ्या परकी कंपनीला चिनी भागीदार घ्यावा लागे आणि तिचा हिस्सा ५० टक्क्यांवर जाऊ शकत नसे. प्रवासी मोटारींपुरती ही अट २०२२मध्ये उठली. तोवर विजेच्या मोटारींत चिनी कंपन्या पुढे निघून गेल्या होत्या.

प्रश्न : म्हणजे परकीयांनी चीनला नमवल्याचं ‘अपमानाचं शतक’ एवढ्यावर आजचा चीन समजतो?

उत्तर : नाही. ती सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला सोयीची मांडणी आहे. १८५० ते १८६४च्या, चिंग राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडात किमान दोन कोटी माणसं दगावल्याचा अंदाज आहे, आणि ते मुळात चिन्यांचं आपसातलं युद्ध होतं. शेती-उद्योग झपाट्याने वाढवायच्या माओच्या १९५८च्या ‘मोठ्या झेपे’नंतरचा भीषण दुष्काळ तर धोरणातून ओढवला. तियानआनमेन चौकातल्या १९८९च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पक्षाला तरुणांवरची पकड ढिली वाटू लागली. १९९४मध्ये देशभक्तीपर शिक्षणाचा आराखडा आला आणि परकीयांनी केलेल्या अन्यायावरचा भर वाढला.