डेट्रॉइटचे ऑटोरामा पाहावे काय? जुन्या मोटारी कापून त्यांना बक्षिसे देणे ही वारशाची नासाडी नव्हे काय?

पाहावे, आणि दिवसभराची सवड काढून पाहावे. हौशीने बदललेल्या मोटारींचे हे प्रदर्शन फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी भरते. नासाडीचा आक्षेप मात्र माझ्या मेहुण्यांनीही घेतला होता, त्यामुळे पुढील उत्तर त्यांनाही उद्देशून आहे.

मेहुणे पुण्याचे. त्यांच्याकडे फियाट अकराशे आहे आणि तिच्या मूळ दिव्यासाठी त्यांनी मुंबईचा चोरबाजार पालथा घातला आहे. ते मिशिगनला आमच्याकडे आले असता मी त्यांना ऑटोरामाला नेले. वरच्या मजल्यावर रिडलर पुरस्काराच्या गाड्या होत्या. १९६४ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारासाठी गाडी त्यापूर्वी कोठेही प्रदर्शित झालेली चालत नाही, म्हणून बांधणारे ती वर्षानुवर्षे झाकून ठेवतात. "हा पैशाचा खेळ आहे," असे मेहुणे म्हणाले, आणि तेवढ्यापुरते माझेही मत तेच आहे.

खरा वाद तळघरात झाला, जेथे जुन्या वळणाचे हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी कापून-छाटून बदललेल्या जुन्या मोटारी, मांडलेले असतात. एका निवृत्त कारागिराने फोर्ड कूपेचे, म्हणजे दोन दारांच्या बंद गाडीचे, छप्पर खाली आणले होते. ते पाहून मेहुणे मला म्हणाले, "चांगल्या गाडीचा गळा कापलाय." मी त्या गृहस्थांना काम समजावून सांगण्याची विनंती केली. छपराला आधार देणाऱ्या खांबांचा तुकडा कापून छप्पर खाली ठेवले की झाले, असे नसते. खांब तिरपे असल्यामुळे कापल्यावर वरची आणि खालची टोके जुळत नाहीत. मग खांब आणखी कलते करावे लागतात किंवा छपराचा पत्रा लांबवावा लागतो, वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेला पत्रा ठोकून सरळ करावा लागतो, आणि काचा तर नव्यानेच कापाव्या लागतात. मेहुण्यांनी दिवा शोधला. या माणसाने पत्रा घडवला. यातले अवघड काम कोणते, हे मी त्यांना तेथेच विचारले होते. उत्तर अद्याप आलेले नाही.

हा प्रकार मुळात मिरवण्यासाठी नव्हे, तर वेगासाठी सुरू झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तलावांच्या तळांवर तरुण मुले गाड्या पळवीत, आणि १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी वेळ मोजण्यासाठी संघटनाही स्थापन केली. १९३२ ची फोर्ड हलकी, स्वस्त आणि ६५ अश्वशक्तीच्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची होती. मडगार्ड उतरवले की तिचे वजन घटे, समोरची काच खाली आणली की वाऱ्याचा अडथळा कमी होई. मूळपणाचे सर्वांत मोठे पीठ मानल्या जाणाऱ्या, कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या जुन्या मोटारींच्या स्पर्धेनेही १९९७ मध्ये हॉट रॉडसाठी वेगळा वर्ग उघडला आणि त्यात डोन स्पेन्सर यांनी बांधलेली १९३२ ची फोर्ड रोडस्टर (उघडी दोन आसनी गाडी) पहिली आली. ती गाडी आज कोणी कारखान्यातल्या रूपात परत नेली, तर नासाडी तीच ठरेल.

अर्थात, दुर्मीळ आणि सर्व भाग शाबूत असलेली गाडी कापू नये. १९३२ च्या फोर्डचे नवे पोलादी सांगाडे आता तयार मिळतात. आपण भारतात असे काही करणार असाल, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, म्हणजे छप्पर कापलेली गाडी तेथे बाद होईल. मेहुणे या नियमाचा दाखला मला वारंवार देतात. त्यांनी आपल्या फियाटमध्ये वीज निर्माण करणाऱ्या मूळ डायनॅमोच्या जागी नव्या पद्धतीचा आल्टरनेटर का बसवला, हे आधी सांगावे.