जनरलला भर रस्त्यात पुरलं, हे खरं का?

प्रश्न : उन्हाळ्यात लेकीकडे पिट्सबर्गला गेलो होतो. यूएस ४० हायवेने जाताना रस्त्याकडेला निळी पाटी दिसली, पिवळी अक्षरं, जनरल ब्रॅडॉकची कबर म्हणून. जावई म्हणाले ह्याला आधी भर रस्त्यात पुरलं होतं आणि वरून अख्खी फौज चालवली. खरंय का ही पर्यटकांना सांगायची गोष्ट?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जावईबापू बरोबर सांगतायत.

१७५५ साल. आजचं पिट्सबर्ग जिथे आहे तिथे तेव्हा फ्रेंचांचा फोर्ट ड्युकेन होता आणि तो घ्यायला ब्रिटिशांनी एडवर्ड ब्रॅडॉकला पाठवलं. अडचण अशी की मेरीलँडमधल्या फोर्ट कंबरलँडपासून पुढे सगळं डोंगर आणि जंगल, वाट म्हणजे नेमाकोलिन नावाच्या तिथल्या मूलनिवासी माणसाच्या नावाने ओळखली जाणारी पायवाट, त्यावरून माणूस जाईल, तोफ कशी जाणार? आणि ब्रॅडॉककडे तर जहाजावरच्या जड तोफा होत्या, शिवाय बेंजामिन फ्रँकलिनने पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांकडून मिळवून दिलेल्या दीडशे गाड्या. मग काय, झाडं तोडा, खडक फोडा, बारा फूट रुंद रस्ता करत करत पुढे सरका. काही दिवस तर दोनेक मैलच व्हायचे.

९ जुलैला, किल्ला अगदी टप्प्यात आलेला असताना, मोनोंगाहेला नदीजवळ फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूलनिवासी योद्ध्यांनी झाडांआडून गोळ्या घातल्या. ब्रिटिश ओळी धरून उभे, त्यामुळे पुढच्या तुकडीतले निम्म्याहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. ब्रॅडॉकला गोळी लागली. त्याचा एक मदतनीस होता तेवीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन (हो, तोच!), त्याच्या खालचे दोन घोडे गेले, कोटाला चार भोकं पडली, पण अंगाला ओरखडा नाही.

माघार घेताना १३ जुलैला ब्रॅडॉक वारला. आता प्रेत शत्रूच्या हाती पडलं तर विटंबना होणार ही भीती, म्हणून खड्डा खणला तो स्वतःच्याच रस्त्यात, आणि वरून गाड्या नि माणसं नेली, म्हणजे माती दाबली जाऊन खूणच राहायला नको. मला ही युक्ती फार विलक्षण वाटते, कारण ज्या रस्त्यासाठी एवढा आटापिटा केला त्यानेच शेवटी त्याला लपवलं.

१८०४ मध्ये रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांना तिथे हाडं सापडली, ती ब्रॅडॉकची समजून जवळच्या उंचवट्यावर पुन्हा पुरली, त्यावर १९१३ मध्ये दगडी स्मारक उभं राहिलं. म्हणून तुम्हाला कबर एकीकडे आणि मूळ जागा दुसरीकडे असं दिसतं. हायवेवरच्या पाट्यांचं तसंच असतं, निळ्या-पिवळ्या पाट्या पेनसिल्व्हेनिया राज्य १९४६ पासून लावतंय, पण गाडीवाल्याला वाचता यावी म्हणून त्या रस्त्याकडेला असतात, घटनेच्या नेमक्या जागी असतीलच असं नाही.

पुढच्या वेळी गेलात तर नुसता फोटो काढून निघू नका. स्मारकापासून खाली उतरलं की झाडांमधून एक उथळ खोलगट पट्टा जातो, पाण्याची चरी वाटेल, गवत वाढलेलं, कोणी लक्ष देत नाही. तोच ब्रॅडॉकचा रस्ता. आणि फोर्ट नेसेसिटी तिथून अगदी जवळ आहे, १७५४ मध्ये वॉशिंग्टनने फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली तो, तोही बघून घ्या.