मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, बोलत नाही. आधी ईएनटी की स्पीच थेरपिस्ट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा ‘मम’ आणि ‘बाबा’ सोडून काही बोलत नाही, पण कुकरच्या शिट्टीला दचकतो, म्हणजे ऐकू येत असणार. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात. ठाण्यात घोडबंदर रोडला राहता, तर आधी कोणाला दाखवायचं?

आधी ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं मोजणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा आणि याच महिन्यात दाखवा. ऐकणं मोजल्याशिवाय स्पीच थेरपी सुरू करू नका. दोन वर्षांच्या मुलाने साधारण ५० शब्द बोलावेत आणि ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन-दोन शब्द जोडू लागावं. तुमच्याकडचं अंतर त्यापेक्षा फार मोठं आहे. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असू शकतात, पण इतके नाही.

शिट्टीला दचकणं हा ऐकू येण्याचा पुरावा धरू नका. आपलं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं, शिट्टी त्याहून कितीतरी मोठी. ५० डेसिबलचा दोष असलेलं, म्हणजे त्याहून हलके आवाज ऐकू न येणारं मूलही शिट्टीला, फटाक्याला, दार आपटल्यावर वळतं. त्याला बोलण्यातले आ, ओ, म, ब पुसट का होईना मिळतात. स, श, त, च हे हलके आणि वरच्या पट्टीतले आवाज मात्र निसटतात. म्हणून घरच्यांना वाटतं, ‘ऐकतो, पण लक्ष देत नाही.’

आता कोण काय करतं ते. ईएनटी डॉक्टर कानाचा आजार बघतात: मळ, पडद्यामागे साठलेलं पाणी, वाढलेले अ‍ॅडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी), शस्त्रक्रिया. ऑडिओलॉजिस्ट ऐकणं मोजतो आणि श्रवणयंत्र बसवून जुळवतो. स्पीच थेरपिस्ट भाषा आणि उच्चारांवर काम करतो. शेवटच्या दोघांची पदवी भारतात बहुधा एकच असते, बीएएसएलपी, इंटर्नशिप धरून ४ वर्षांची. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारून घ्या, यात संकोच नको. यंत्रांच्या दुकानात बसलेला प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट असतोच असं नाही.

तपासण्या साधारण चार. टिम्पॅनोमेट्री २ मिनिटांची, ती कानाच्या पडद्याची हालचाल मोजते. आलेख ‘बी’ म्हणजे सपाट आला, तर बहुतेक वेळा पडद्यामागे पाणी असतं. हा दोष बरा होणारा आहे, आणि इथून पुढचं काम ईएनटीचं. ओएई आतल्या कानाच्या पेशी तपासते. फक्त ‘ओएई पास’ एवढ्यावर घरी येऊ नका: सौम्य दोष तिच्यातून सुटू शकतो, आणि कान ठीक पण नस संदेश नीट नेत नाही, हा प्रकार तर ती दाखवतच नाही. जन्मानंतर काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा कावीळ खूप वाढलेल्या बाळांत त्याचा धोका जास्त. त्यासाठी बेरा लागते: डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाचा संदेश नसेतून मेंदूकडे जातो का ते बघतात. चौथी वर्तनावरची: आवाज आला की मूल वळतं आणि त्या बाजूचं खेळणं उजळतं. या वयाला ती छान जमते.

बेरा फुकट जाते ती बहुतेक वेळा झोपेमुळे. मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत डुलकी लागू देऊ नका. आदल्या दिवशी न्हाऊ घाला. त्या दिवशी डोक्याला आणि कपाळाला तेल नको, इलेक्ट्रोड धरत नाहीत. झोपेचं सिरप घरून देऊन नेऊ नका. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला. रिपोर्टमध्ये दोन्ही कानांचा आकडा वेगवेगळा हवा, आणि क्लिक या टकटक आवाजाबरोबर ५०० हर्ट्झचा टोन बर्स्ट (खालच्या पट्टीचा छोटा सूर) वापरूनही तपासणी केली का ते विचारा. क्लिकमधून मुख्यतः वरच्या पट्टीचंच कळतं.

वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची संस्था १९८३ पासून हेच काम करते. केंद्र सरकारची आहे, त्यामुळे खर्च खासगीपेक्षा बराच कमी. ठाण्याहून दादरला गाडी बदलून वांद्रे. नवी मुंबईच्या वाचकांसाठी: हार्बरने वडाळा, तिथून वांद्रे; शिवाय महापालिकेचं वाशीतलं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्रही आहे.

दोष निघालाच तर यंत्र लगेच लावा, ‘जरा मोठा होऊ दे’ म्हणून थांबू नका. दोष दोन्ही कानांत असेल तर यंत्रंही दोन. यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं. मुलांचे कान वाढतात म्हणून साचा काही महिन्यांनी नवा करावाच लागतो, आवाज कमी करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्याकडच्या पावसाळ्यात यंत्र रोज रात्री बॅटरी काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. दोष फार तीव्र असेल आणि यंत्राचा पुरेसा उपयोग होत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा विचार होतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यासाठी मदत मिळते, म्हणून इथे महिने मोजून वागावं लागतं.

ऐकणं स्वच्छ निघालं, तर बघा: हवं ते बोटाने दाखवतो का? हाक मारल्यावर डोळ्यांत बघतो का? खेळणं आणून दाखवतो का? हे सगळं असेल तर स्पीच थेरपी सुरू करा. नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर बालविकासतज्ज्ञही लगेच गाठा. जीभ चिकटल्यामुळे मूल बोलतच नाही असं होत नाही, तेव्हा फक्त त्यासाठी जीभ कापून घेऊ नका. घरची मराठीही सोडू नका. ‘बोल ना, म्हण ना’ असा लकडा न लावता त्याच्या समोर बसून तो जे करतोय ते बोला, मग मनात १० अंक मोजून थांबा. तो ‘बॉ’ म्हणाला की तुम्ही ‘मोठा बॉल’ म्हणा.

पहिल्या भेटीला जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, कावीळ किंवा अतिदक्षता विभागातले कागद, त्याला येणाऱ्या शब्दांची आणि आवाजांची यादी, आणि तो घरी खेळत असतानाचा २-३ मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ घेऊन जा. दवाखान्यात मुलं गप्प होतात, तेव्हा तो व्हिडिओ फार उपयोगी पडतो.