भाकरी ताटात परतली आणि काटा हलला

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझं वय ४३, साताऱ्याला शाळेत शिक्षिका आहे. पाच महिने लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार केला. पोळी, भात, पोहे, बटाटा, साखर, फळं सगळं बंद. अंडी, पनीर, चिकन, बदाम, पालेभाज्या आणि हात सैल सोडून तूप, एवढ्यावर ७४ वरून ६५ किलोवर आले. गणपतीत मात्र मोडलं. पाच दिवस मोदक, वरणभात, पुरणपोळी सगळं झालं. एवीतेवी मोडलंच आहे तर आता घरातल्यांसारखंच जेवायचं ठरवलंय. पण त्या पाच दिवसांतच काटा ६७.५ वर गेला! अंगठी घट्ट झाली, पोट सारखं फुगलेलं असतं, मधल्या सुट्टीत डबा खाल्ला की डोळे मिटायला लागतात. नणंदेच्या मशीनवर जेवणानंतर तासाभराने साखर पाहिली, तर १६८. मला डायबिटीस नाही. शिवाय केस गळताहेत. मैत्रीण म्हणते, गहू सुरू केलास म्हणून. माझी सगळी मेहनत वाया गेली का? पुन्हा कार्ब बंद करू का?

उत्तर : ताई, आधी एक हिशेब मांडू, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. अंगावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. अडीच किलो म्हणजे १९ हजारांच्या वर. पाच दिवसांत वाटल्या तर रोज ३८५० कॅलरी, त्याही नेहमीच्या जेवणाच्या वर. सणाचं जेवण कितीही झालं तरी तेवढं होत नाही. मग हे वजन कसलं?

बहुतेक पाण्याचं. आपलं शरीर कर्बोदकांचा थोडा साठा हाताशी ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. लो-कार्ब सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे वजन भराभर उतरलं, त्यातला मोठा भाग हा रिकामा झालेला साठा आणि त्याचं पाणी होतं. तेच आता परत आलं. भरीला, कार्ब खाल्ले की इन्शुलिन वाढतं आणि इन्शुलिन वाढलं की मूत्रपिंडं मीठ रोखून धरतात. मिठामागून पाणी येतंच, म्हणून अंगठी घट्ट. एक-दोन आठवड्यांत हे थांबतं. तोवर रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, एवढं पुरे. खरं काय चाललंय ते शिवणकामाच्या टेपने कंबर मोजून जास्त कळेल.

आता १६८ चं. बरेच दिवस कार्ब मिळाले नाहीत की स्नायू चरबीवर चालायला शिकतात आणि साखर मेंदूसाठी सोडून देतात. अशा शरीराला एकदम मोदक आणि वरणभात दिला तर साखर काही काळ रक्तात रेंगाळते. म्हणूनच ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या (ग्लुकोज पाजून साखर मोजण्याच्या तपासणीच्या) आधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदकं खाऊन या असं सांगायची पद्धत आहे. नाहीतर धडधाकट माणसाचाही रिपोर्ट बिघडलेला येऊ शकतो. नेहमीचं जेवण दोन-तीन आठवडे चालू द्या आणि मग लॅबमध्ये उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करून घ्या. उपाशीपोटी १०० च्या खाली आणि एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर निश्चिंत राहा. त्याच्या वर आलं तर डॉक्टरांना दाखवा. घरच्या मशीनच्या एका आकड्यावर स्वतःला आजारी ठरवू नका.

पोट फुगतंय, कारण आतड्यातल्या ज्या जिवाणूंचं पोट चोथ्यावर आणि कडधान्यांवर चालतं, त्यांची पाच महिने उपासमार झाली. त्यांची संख्या सावरायला वेळ लागतो. लगेच वाल आणि चवळीवर जाऊ नका. आधी मुगाचं वरण, मग मोड आलेले मूग, नीट शिजवलेले. मटकी, हरभरा त्यानंतर. भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि दिवसभर पाणी प्या. झोप येते त्यावर उपाय सोपा आहे : ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, मग भाकरी, भात शेवटी. याच क्रमाने जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींची दुपारची पेंग एवढ्या बदलाने गेली आहे.

केसांबाबत मैत्रिणीचं ऐकू नका. भराभर वजन उतरलं की केसांची मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे आज फणीत येणारे केस हे मागच्या महिन्यांतल्या वजनघटीचे आहेत. गहू बिचारा नुकता घरात आला. बहुधा सहाएक महिन्यांत भरून येतात. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. तुमच्या वयात ते राहून जातं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. पाण्याचं वजन थांबेल, भूक मात्र थांबणार नाही. कार्ब अगदी कमी असताना शरीरात चरबीपासून कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात आणि ते भूक दाबून ठेवतात. पाच महिने तुम्हाला फारशी भूक लागली नसेल, ती यामुळे. कार्ब सुरू झाले की कीटोन एक-दोन दिवसांत उतरतात आणि दबलेली भूक वर येते. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० लठ्ठ व्यक्तींचं वजन दहा आठवड्यांत अगदी कमी कॅलरीच्या आहाराने उतरवलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. वर्षानंतरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि तृप्तीचं लेप्टिन उतरलेलंच होतं. तेव्हा भूक लागली तर तुमचा संयम सुटला असं कृपा करून समजू नका. ते शरीर आहे, ते स्वतःला राखतंय.

अशा भुकेत बहुतेकजणी एकाच ठिकाणी फसतात. भाकरी परत येते, पण तूप, चीज, बदामाची मूठ ताटातून जात नाही. लो-कार्बमध्ये भाताच्या जागी तूप होतं, आता भातही आणि तूपही. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण १७० कॅलरींची आणि त्यात ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. तुपाचा एक मोठा चमचा १२० कॅलरींचा. असे दोन चमचे कमी केले की भाकरीला आपोआप जागा होते. पहिला आठवडा दुपारी एकच भाकरी ठेवा आणि तूप दिवसाला दोन लहान चमच्यांवर आणा. दुसऱ्या आठवड्यात एक पेरू किंवा संत्रं. मग रात्री वाटीभर भात. अंडी, डाळी, दही, चिकन अजिबात कमी करू नका. भूक आवरायला आणि स्नायू टिकवायला प्रथिनंच कामाला येतात. रोजचं चालणं हवंच. त्याशिवाय आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा आणि थोडं वजन उचलणं, कारण स्नायूच ही भाकरी खर्च करणार आहेत.

पुन्हा कार्ब बंद करायची गरज मला वाटत नाही. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत कमी कार्बवाल्यांचं सरासरी सहा किलो आणि कमी चरबीवाल्यांचं ५.३ किलो वजन उतरलं. हा फरक नगण्य असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. जे जेवण तुम्ही शाळा, घर, सणवार सांभाळून वर्षानुवर्षं जेवू शकाल तेच तुमचं.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, जुना मधुमेह. लो-कार्बमुळे साखर उतरली म्हणून डॉक्टरांनी इन्शुलिन कमी केलं, बीपीची एक गोळी बंद केली. आता ते कंटाळून पोळी-भात खायला लागलेत. शरीर रुळेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबू का?

उत्तर : नाही, अजिबात थांबू नका. वरचा सल्ला मधुमेह नसलेल्या बाईंसाठी आहे. आजच डॉक्टरांना फोन करा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, सकाळचं बीपी आणि ते काय खातात हे एका वहीत लिहून ठेवा. जुना डोस स्वतःच्या मनाने परत सुरू करू नका. एक दिवस पोळी आणि दुसऱ्या दिवशी नुसती भाजी असं चाललं तर त्याच इन्शुलिनवर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं आणि ते शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठा. पाय सुजले किंवा दम लागला, तरीही त्याच दिवशी दाखवा.