नवीन आणलेलं सुलकाटा कासव खात नाही, कोपऱ्यात बसून राहतं. जळगावच्या उन्हाळ्यात त्याला घरात कसं रुळवायचं?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: जळगावात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, एप्रिलची अखेर, आफ्रिकन सुलकाटाचं दहाएक सेंटिमीटरचं पिल्लू. चार दिवस झाले, माशांच्या काचेच्या टाकीत ठेवलंय. खाली वाळू, वर दिवसभर दिवा, खायला काकडी-टोमॅटो. मुलं येता-जाता उचलतात. पिल्लू तोंड लावत नाही आणि कोपऱ्यात डोकं खुपसून बसतं.

चार दिवस न खाणं म्हणजे लगेच आजार नव्हे. जागा बदलली की कासव काही दिवस खाणं सोडतं. पण टाकी, वाळू, दिवा आणि हाताळणी या चारही गोष्टी त्याच्या विरोधात चालल्या आहेत, त्या आजच बदला. भूक त्यानंतर आपोआप येते, चोचीपुढे पान धरून येत नाही.

त्याआधी हे सुलकाटाच आहे ना, ते नीट बघा. सुलकाटाची पाठ वाळूच्या रंगाची, फिकट पिवळट-तपकिरी असते आणि प्रत्येक खवल्याला गडद तपकिरी कड असते. पुढच्या पायांवर जाड, टोकदार खवले असतात. पाठ काळपट आणि प्रत्येक खवल्याच्या मधून पिवळ्या रेषा चांदणीसारख्या फाकलेल्या असतील, तर ते आपलं तारा कासव. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, प्रेमाने सांभाळलं तरीही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सातपुड्यात किंवा गिरणेकाठी स्वतः नेऊन सोडू नका. घरातला रोग जंगलातल्या कासवांना लागतो, आणि पाळलेलं पिल्लू तिथे तगतही नाही. सुलकाटा परदेशी असलं तरी त्यालाही कागद लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. ज्यांच्याकडून आणलं त्यांच्या नावावर नोंद होती का, ते विचारून कागद मागून घ्या.

आता मुख्य गोष्ट, ऊन. कासवाबद्दल इंटरनेटवर सापडणारा बहुतेक सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेला असतो, म्हणून त्यात पहिलं पान दिव्याचं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो. स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश सहज होतात. त्यात बंद बाजूंची काचेची टाकी आणि वर दिवा! सुलकाटा सहाराच्या दक्षिण कडेचं, म्हणून त्याला कितीही ऊन चालतं असं समजतात. पण तिथेही ते भर दुपारी खोल बिळात असतं. बीळ नसेल तर ते कोपऱ्यात डोकं खुपसतं, तुमचं पिल्लू तेच करतंय.

टाकीऐवजी त्याला मोठा खोका लागेल, तो कसा ते पुढे येतंच. सध्या त्यात लागणारं तापमान असं: गरम टोकाला एक ऊबेची जागा ३५ अंशांपर्यंत, दुसऱ्या टोकाला २७-२९, रात्री २५ च्या खाली नको. खोलीच ३२ च्या वर असेल तर उष्णतेचा दिवा बंद. मे महिन्यात तो बहुधा लागतच नाही. तोंड उघडून धापा, तोंडाशी फेस, सैरभैर धावणं ही उन्हाचा तडाखा बसल्याची खूण. तेव्हा सावलीत नेऊन साध्या, कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फाचं किंवा माठातलं पाणी अंगावर ओतू नका. तापमान अंदाजाने ठरवू नका. वायर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचं टोक कासवाच्या पाठीच्या उंचीवर, गार बाजूला ठेवा. भिंतीवरचा थर्मामीटर खोलीचं तापमान सांगतो, खोक्यातलं नाही.

घरातली सगळ्यात गार खोली निवडा, शक्यतो उत्तरेकडची, पश्चिमेची भिंत टाळून. कूलर चालत असेल तर उत्तम, हवेत ओलावाही येतो. फक्त त्याचा झोत थेट खोक्यावर येऊ देऊ नका. दुपारी लाईट गेली की गार टोकावर ओलं गोणपाट टाका, मात्र हवा खेळती राहील एवढी फट ठेवा.

खोका चार फूट बाय दोन फूट, भिंती किमान सव्वा फूट उंच. प्लायवूडचा करून घ्या, नाहीतर बांधकामाच्या दुकानातलं मोठं प्लास्टिकचं घमेलं-टब चालतं. भिंत आरपार दिसणारी नको. काचेपलीकडे जागा दिसते, मग पिल्लू दिवसभर काचेला नखं मारत फिरतं आणि थकतं. नवा खोका येईपर्यंत टाकीला बाहेरून तपकिरी कागद सगळीकडून चिकटवा. एवढ्यानेही ते एक-दोन दिवसांत शांत होतं. टाकी उन्हात मात्र कधीही ठेवू नका. काचेत थोड्याच वेळात जीव जाण्याइतकं तापतं.

वाळू काढून टाका. ओल्या पानाला चिकटून ती पोटात जाते आणि आतड्यात साठते. रोपवाटिकेतून कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या चुऱ्याची वीट घ्या, खत मिसळलेली नको. बादलीत भिजवून दोन-तीन पाण्यांतून काढा, कारण त्यात क्षार असतात. पिळून घ्या आणि निम्म्याला निम्मी, खत-औषध न पडलेली चाळलेली माती मिसळा. थर १० सेंटिमीटर. कोपऱ्यातून थोडं पाणी सोडायचं, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा जवळजवळ कोरडा. वरून चिखल झाला तर पोटाच्या कवचाला बुरशी लागते. लाकडाचा भुसा आणि रद्दीचे कागद दोन्ही नकोत. भुसा डोळ्यांत जातो, कागदावर पाय घसरतात.

ओलावा पिल्लासाठी इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. वाळवंटी प्राणी म्हणून लोक सुलकाटाला कोरडं ठेवतात आणि वर्षभरात पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात. ते पुन्हा सपाट होत नाहीत. याचं खापर पूर्वी जास्त प्रथिनांवर फोडलं जायचं. २००३ साली सुलकाटाच्याच पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कोरड्या हवेचा वाटा प्रथिनांपेक्षा मोठा निघाला. खान्देशातली उन्हाळी हवा तर कमालीची कोरडी. तेव्हा खोक्यात ६० ते ८० टक्के आर्द्रता राहील असं बघा. थर्मामीटरसोबत आर्द्रता दाखवणारी यंत्रं मिळतात.

लपायला दोन जागा द्या, एक उबेकडे, एक गारव्याकडे. गारव्याकडच्या जागेला फुटक्या माठाच्या खापरासारखं दुसरं काही नाही. अर्ध्या माठाची धार घासून बोथट करा, पालथा घाला आणि सकाळी-दुपारी वरून ओला करा. पाणी उडून जाताना आत चांगला गारवा होतो. आत मूठभर ओलं कोकोपीट टाका. पिल्लू दिवसातले बरेच तास तिथेच काढेल, त्याला बाहेर ओढू नका. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची उथळ थाळी, कडेपर्यंत जमिनीत रोवलेली. खोल वाडगा नको. कासव पालथं पडून दोन इंच पाण्यात बुडतं. हे जमिनीवरचं कासव आहे, ‘शुभ’ म्हणून पाण्याच्या काचपात्रात ठेवायचं नाही.

रोज सकाळी अंघोळ. पाणी ३० ते ३४ अंश, मनगटाला जेमतेम कोमट, उंची हनुवटीपर्यंत, वेळ १५ ते २० मिनिटं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी पोळतं, म्हणून सकाळचं घ्या. पिल्लू पाणी पितं आणि बहुधा तिथेच शी-शू करतं. सोबत पांढरा, दह्यासारखा मऊ पदार्थ पडला तर काळजी नको. तो खडूच्या चुऱ्यासारखा खरखरीत आला तर पाणी कमी पडतंय, मग काही दिवस संध्याकाळीही अंघोळ घाला. बोअरच्या जड पाण्याने पाठीवर पांढरे डाग राहतात, मऊ फडक्याने पुसा. तेल लावू नका, ते धूळ धरून बसतं. टब फक्त त्याचाच हवा, स्वयंपाकघरातलं भांडं अजिबात नको. कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हात साबणाने धुवायचे, मुलांचे तर तुमच्या डोळ्यांसमोर.

खाणं. अंघोळीनंतर लगेच, ऊन चढण्याआधी, म्हणजे या दिवसांत साडेसहा ते आठच्या दरम्यान द्या. शहाबादी फरशीचा तुकडा खोक्यात ठेवा आणि रोज त्यावरच वाढा. चोच आणि नखं घासली जातात, माती पोटात जात नाही. ढीग साधारण त्याच्या पाठीएवढा. त्यात चारपैकी तीन हिस्से तरी गवत हवं: हरळी, मारवेल, कात्रीने एक सेंटिमीटरचे तुकडे करून, पाण्याने किंचित ओलं. उरलेल्यात जास्वंदीची पानं, तुतीची पानं, शेवग्याचा पाला, काटे पूर्ण काढलेलं फड्या निवडुंग. रुसलेल्या पिल्लाला जास्वंदीचं लाल फूल बहुतेक वेळा बोलतं करतं. ते चिरून गवतात मिसळा, नाहीतर उद्या ते फुलाचीच वाट बघत बसेल. लसूणघास आठवड्यातून एकदा, थोडा. पालक आणि तांदुळजा क्वचित, कारण त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. काकडी-टोमॅटो बंद. आणि केळं नाही! जळगावात पाहुणा आला की केळं पुढे होतं, पण सुलकाटाचं पोट गवत आंबवून चालतं. साखरेने ते बिघडतं, जुलाब होतात. पोळी, डाळ, दूध, कुत्र्याचं खाद्य, सगळंच वर्ज्य.

गवत कुठून आणता याला फार महत्त्व आहे. कपाशीच्या किंवा केळीच्या बांधावरचं गवत हिरवंगार दिसतं, पण तिथे कीटकनाशक आणि तणनाशक पडलेलं असतं. कपाशीची पानं तशीही देऊ नका. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी गुरांना बाधते, कासवालाही नको. कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी ही विषारी आहेत. कुंडीत स्वतःची हरळी लावणं सगळ्यात सोपं, तीन-चार कुंड्या या पिल्लाला पुरतात.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतो. एक तुकडा खोक्यात टाकून ठेवा, ते हवं तेव्हा कुरतडतं. शिवाय आठवड्यातून तीनदा चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट पानांवर. पण अतिनील किरणांशिवाय ते अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कुचकामी, काच ते किरण अडवते. थेट ऊन द्या, सध्या सकाळी आठच्या सुमारास १५-२० मिनिटं, जाळीच्या पेटीत, अर्धी पेटी सावलीत. तुम्ही शेजारी बसा. कावळा आणि मांजर क्षणात काम करतात. रोज जमणार नसेल तर टी-५ प्रकारची १० ते १२ टक्क्यांची सरळ अतिनील नळी लावा, पाठीपासून ३५-४५ सेंटिमीटरवर, रोज १२ तास, आणि वर्षाने बदला, कारण प्रकाश दिसत राहिला तरी किरण कमी झालेले असतात. साध्या एलईडीतून हे किरण मिळत नाहीत आणि कामाची ऊबही नाही.

डिसेंबर-जानेवारीत सगळं उलटं. रात्री पारा दहाखाली येतो आणि सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही. ‘झोपलंय, झोपू द्या’ म्हणत सोडलेली पिल्लं न्यूमोनियाने जातात. तेव्हा प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटसह, म्हणजे ठरलेल्या तापमानाला तो आपोआप बंद-चालू होतो. होल्डर चिनीमातीचा हवा, प्लास्टिकचा वितळतो. साखळीने टांगा, लाकडापासून फूटभर दूर.

मुलांना पहिले पंधरा दिवस हात लावू देऊ नका. अंघोळीला उचलायचं ते एकाच माणसाने, दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन. हवेत लोंबकळणारं कासव घाबरतं. फरशीवर मोकळं सोडू नका. पाय घसरतात, फिनाईल आणि केस तोंडात जातात. रात्री खोक्याला जाळी हवी, उंदीर पाय कुरतडतात. लाल मुंग्यांवर लक्ष ठेवा, उरलेलं अन्न संध्याकाळी काढलं की त्या कमी येतात. सोबतीला दुसरं कासव आणायचा विचार सोडून द्या. ते सोबत मागत नाही, जागेवरून भांडतं.

आणि एक अप्रिय गोष्ट. हे कासव मोठं होऊन ४०-५० किलोचं होतं, काही त्याहून जड, आणि माणसाएवढं जगू शकतं. मोठं झाल्यावर ते फ्लॅटमध्ये राहू शकत नाही, भिंतीखालून बीळ खणणारा प्राणी आहे तो. गावाकडे वाडा, मोकळं परस असेल तर ठीक. नसेल तर वनविभागाला विचारून, नोंदीसकट, योग्य जागा असलेल्या माणसाकडे द्यायची तयारी आताच करा.

दर आठवड्याला, अंघोळीआधी, स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. जागा सुधारूनही आठवडाभर काहीच खाल्लं नाही, वजन दहा टक्के उतरलं, नाकातून फुगे आले, डोळे सुजून मिटले, मागचे पाय ओढले किंवा कवच बोटाखाली दबायला लागलं, तर डॉक्टर गाठा. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतं, दहा सेंटिमीटरला ते टणक हवं. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गुरंच येतात, म्हणून ‘सरपटणारे प्राणी बघता का’ असं फोनवर विचारूनच निघा. नाशिक किंवा पुण्यात सोय होण्याची शक्यता जास्त. ताजी विष्ठा डबीत घालून न्या, जंत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. जंताचं औषध निघालं तर त्यात आयव्हरमेक्टिन नाही ना, हे तोंडाने विचारा. गुरांना आणि कुत्र्यांना ते सर्रास देतात, कासवाचा त्याने जीव जातो.