वाचकांचे प्रश्न : छावणीचं फाटक उघडलं, मग त्या माणसांचं काय झालं?

गेल्या अंकात जर्मनीतल्या बर्गन-बेल्झन या नाझी छळछावणीवर लिहिलं होतं. १५ एप्रिल १९४५ ला इंग्रज फौज तिथे पोचली आणि लेख तिथेच संपवला. त्यावर भरपूर पत्रं आली आणि बहुतेकांनी एकच विचारलंय, पुढे काय झालं? लेख तिथे थांबवायला नको होता हे मलाही आता पटतंय. तीन पत्रं घेतो.

प्रश्न : मी चाळीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. तुमच्या लेखात ओझरतं एक वाक्य होतं की सुटकेनंतरही तिथे हजारो माणसं मेली. फौजेबरोबर डॉक्टर होते, औषधं होती, अन्न होतं, मग असं कसं झालं? – एक निवृत्त परिचारिका, नाशिक

ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. फौज आत शिरली तेव्हा साधारण ६० हजार माणसं जिवंत होती आणि जवळपास १० हजार प्रेतं नुसती उघड्यावर पडली होती. पाण्याचा पुरवठा बंद, संडासाची सोय नाही आणि टायफस पसरलेला (टायफॉईड नव्हे, उवांमधून पसरतो तो टायफस). बेल्झनला गॅस चेंबर नव्हते, तिथे माणसं भुकेनं आणि रोगानंच मेली, डायरी लिहिणारी ज्यू मुलगी अॅन फ्रँक आणि तिची बहीण मार्गो याच छावणीत, फौज यायच्या काही आठवडे आधी गेल्या.

आता सैनिकांनी काय केलं, तर समोर हाडांचे सापळे बघून स्वतःच्या रेशनमधले मांसाचे डबे, दूध, घट्ट रस्सा, जे हाताशी होतं ते वाटून टाकलं. मनापासून वाटलं, कुणीही तेच केलं असतं. पण महिनोन्‌महिने उपाशी असलेलं शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं, त्यात एकदम भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय दगा देतं. आज आयसीयूत याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, तुम्हाला माहीतच असेल, तेव्हा हे कुणाला नीट उमगलेलं नव्हतं. त्यात जुलाब. आणि ज्यांच्यात उठून रांगेत उभं राहण्याचं बळ होतं त्यांना जेवण मिळालं, बराकीत पडून होते त्यांच्या तोंडापर्यंत सुरुवातीला काही पोचलंच नाही.

आमच्याकडे मोठ्या दुखण्यातून कुणी उठलं की आजी आधी भाताची पेज द्यायची, चिमूटभर मीठ घालून, वाटीभरच, आणि पेशंटनं कितीही मागितलं तरी दोन तास दुसरी वाटी नाही. बेल्झनचं वाचताना मला ती वाटी सारखी आठवत होती, कारण डॉक्टर शेवटी आले ते पेजेवरच, आणि ती पेज कुठली, तर बंगालची! १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो लोक मेले, तिथे उपाशी माणसांसाठी तांदूळ, साखर आणि दुधाच्या पावडरीचं एक पातळ मिश्रण वापरलं होतं, बंगाल फॅमिन मिक्श्चर म्हणायचे त्याला. तेच बेल्झनला बनवलं. पण पोलंड-हंगेरीच्या माणसांना ते इतकं गोड लागायचं की कित्येकांच्या घशाखाली उतरेना, त्यांची जीभ बटाट्याची, आंबट सुपाची, मग चवीसाठी त्यात पॅप्रिका (तिकडची लाल मिरचीची पूड) घालून बघितली. भूक एवढी असून चव मेली नव्हती, माझ्या मनातून ही गोष्ट जात नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला लंडनचे ९६ मेडिकल स्टुडंट्स आले, एकेक बराक वाटून घेतली आणि स्वतःच्या हातानं भरवायला लागले. प्रथिनांची इंजेक्शनं द्यायचाही प्रयत्न झाला, पण सुई बघितली की पेशंट किंचाळायचे, नका मारू म्हणून हातापाया पडायचे. छावण्यांमध्ये सुई टोचून माणसं मारलेली त्यांना माहीत होती, समोरचा डॉक्टर कुठल्या बाजूचा हे त्यांना कसं कळणार? तो प्रकार बऱ्याच अंशी सोडून द्यावा लागला.

एवढं करूनही सुटकेनंतर सुमारे १३ हजार माणसं गेली. जगलेल्यांना जवळच्या जर्मन लष्कराच्या पक्क्या इमारतींत हलवलं आणि टायफसमुळे जुन्या बराकी एकेक करून पेटवून दिल्या, शेवटची २१ मे ला. मी तिथे गेलो तेव्हा याचंच आश्चर्य वाटलं, आपण बराकी बघायला जातो आणि समोर नुसतं माळरान, बर्चची झाडं, गवताचे लांबट उंचवटे. जवळ गेल्यावर उंचवट्याच्या दगडी भिंतीवरची अक्षरं दिसतात, ‘इथे १००० मृत विसावले आहेत, एप्रिल १९४५’. पुढच्यावर २५००. त्याच्या पुढे ५०००. नाव एकाचंही नाही.

प्रश्न : सर, जे वाचले ते आपापल्या घरी परत गेले का? – बारावीची विद्यार्थिनी, सोलापूर

फ्रान्स, हॉलंड, बेल्जियमचे बरेचसे काही आठवड्यांत गेले. अॅनचे वडील ऑटो फ्रँक पोलंडमधल्या ऑशविट्झ छळछावणीतून सुटले आणि ओडेसा, मार्से असा वळसा घेत जून १९४५ मध्ये अॅमस्टरडॅमला पोचले, मुली गेल्याचं त्यांना तिथे आल्यावर कळलं.

पण पोलंडच्या ज्यूंचं घरच राहिलं नव्हतं गं. घरात दुसरंच कुटुंब, दारात उभं राहिलं तर ‘तू अजून जिवंत आहेस?’ अशा नजरा, आणि ४ जुलै १९४६ ला केल्त्से नावाच्या पोलिश शहरात जमावानं ४२ ज्यूंना ठार मारलं, म्हणजे युद्ध संपून वर्ष उलटल्यावर. त्यानंतर हजारोंच्या संख्येनं लोक पळाले आणि कुठे आले, तर परत जर्मनीत, दोस्त राष्ट्रांच्या निर्वासित छावण्यांत. बेल्झनच्या त्याच लष्करी इमारतींत १९५० पर्यंत अशी छावणी होती, तिथे लग्नं झाली, मुलं जन्मली, शाळा निघाली, पेपर निघाला. म्युनिकजवळची फेरेनवाल्ड छावणी तर १९५७ ला बंद झाली!

१९४७ मध्ये एक्झोडस नावाच्या जहाजातून साडेचार हजार ज्यू तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाईनला निघाले, इंग्रजांनी जहाज अडवलं आणि त्यांना परत नेऊन हँबर्गला उतरवलं. ज्या देशातल्या छळातून ही माणसं सुटली त्याच देशात पुन्हा तारेच्या कुंपणाआड. फौजेनं बेल्झनला जे केलं त्याबद्दल मला आदर आहे, पण हे वाचून आजही संताप होतो. शेवटी इस्राएल स्थापन झाल्यावर आणि १९४८ मध्ये अमेरिकेनं निर्वासितांसाठी कायदा केल्यावर वाट मोकळी झाली.

बाकीच्या कैद्यांबद्दलही सांगतो कारण ते पुस्तकात सापडत नाही. सुटलेल्या रशियन युद्धकैद्यांकडे त्यांच्याच सरकारनं संशयानं बघितलं, काहींची रवानगी सैबेरियाच्या श्रमछावण्यांत झाली. समलिंगी पुरुषांना ज्या कलमाखाली पकडलं होतं ते पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत जसंच्या तसं राहिलं. आणि रोमा म्हणजे जिप्सी लोकांचा वंशसंहार झाला हे पश्चिम जर्मन सरकारनं मान्य केलं १९८२ मध्ये, तोपर्यंत वाचलेल्यांपैकी कितीतरी जण जग सोडून गेले होते.

जर्मनीत बाड आरोलसेन गावात या सगळ्यांच्या नोंदी जपल्यात, सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांच्या. कैद्यांची काढून घेतलेली घड्याळं, अंगठ्या, पाकिटातले फोटो त्यांच्याकडे अजून आहेत आणि नातवंडं-पतवंडं शोधून ते परत करतात. ऑनलाईन फुकट बघता येतं, नक्की बघ.

प्रश्न : कोल्हापूरजवळ वळिवड्याला पण युद्धात छळछावणी होती असं आमच्याकडे जुने लोक म्हणतात. खरं का? – एक वाचक, इचलकरंजी

दादा, छावणी होती, छळछावणी नव्हती. उलट छळातून सुटलेल्यांना तिथे आसरा मिळाला. १९४० पासून रशियानं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेली, जंगलतोडीला लावली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि स्टालिनला पोलंडशी समझोता करावा लागला तेव्हा हे सुटले. १९४२ मध्ये समुद्रमार्गे इराणच्या पहलवी बंदरात उतरले आणि तिथेही तेच झालं बघा, जे वर नाशिकच्या ताईंना सांगितलं, तुपकट मटणाचं सूप आणि मांसाचे डबे खाऊन कितीतरी जण आजारी पडले, काही गेले.

त्यातले सुमारे ५ हजार, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ पासून वळिवड्याला राहिले. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं होतं. त्यांचं स्मारक कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये आहे. युद्ध संपल्यावर त्यांनाही घर उरलं नव्हतं, गावं रशियाच्या हद्दीत गेलेली, म्हणून बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले आणि १९४८ पर्यंत कॅम्प रिकामा झाला. त्या रिकाम्या बराकींत मग फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. तुम्ही कापड घ्यायला ज्या गांधीनगरला जात असाल ना, तेच हे.