कॅम्लूप्सची निवासी शाळा : बातमी आणि नोंद

प्रश्न : कॅनडातील कॅम्लूप्स येथील कॅथलिक निवासी शाळेच्या आवारात २१५ आदिवासी मुलांची सामूहिक कबर सापडल्याचे २०२१ मध्ये वाचले होते. आता तेथे काहीच सापडले नव्हते, असेही वाचनात येते. खरे काय मानावे? आणि ही शाळा चर्चची होती की सरकारची? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही विधाने जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. मे २०२१ मध्ये तेथील सेक्वेपेम्क या आदिवासी समाजाच्या प्रमुखांनी जमिनीत रेडिओ लहरी सोडून केलेल्या पाहणीच्या आधारे २१५ मुलांचे अवशेष आढळल्याचे जाहीर केले. परंतु ‘सामूहिक कबर’ हा शब्द त्यांचा नव्हे, तो वृत्तपत्रांचा. जुलैमध्ये पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी ही संख्या सुमारे २०० संभाव्य दफनांवर आणली आणि उत्खननाशिवाय खात्री देता येणार नाही, हेही स्पष्ट केले. तशी खातरजमा झाल्याचे अद्याप जाहीर झालेले नाही. म्हणून ‘संभाव्य कबरी’ म्हणणेच योग्य.

शाळा १८९० मध्ये सुरू झाली. पैसा आणि धोरण केंद्र सरकारचे, तर प्रत्यक्ष कारभार प्रामुख्याने ऑब्लेट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांकडे आणि सेंट ॲन संघाच्या जोगिणींकडे (नन) होता. सरकार मुलांना पोटभर जेवण देण्याइतकाही निधी देत नाही, असे खुद्द मुख्याध्यापकांनी १९१० मध्ये म्हटले होते. १९२० च्या कायदादुरुस्तीने मुलांना अशा शाळांत सक्तीने पाठवण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि १९५० च्या दशकाच्या प्रारंभी येथील पटसंख्या ५०० पर्यंत गेली. १९६९ मध्ये सरकारने कारभार हाती घेतला, वर्ग बंद झाले आणि उरलेले वसतिगृह १९७८ मध्ये मिटले. तेव्हा जबाबदारी दोघांचीही आहे. एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याला मोकळे करता येत नाही. आपल्याकडील आश्रमशाळेच्या कल्पनेवरून या संस्थांचा अंदाज बांधू नये, कारण मुलांची भाषा आणि घरचे संस्कार पुसून टाकणे हाच त्यांचा घोषित हेतू होता.

मुलांच्या मृत्यूंचा पुरावा मात्र या पाहणीवर मुळीच अवलंबून नाही. देशभरातील अशा शाळांत सुमारे दीड लाख मुले गेली. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाला २०१५ पर्यंत जुन्या कागदपत्रांतूनच ३,२०० मृत्यूंची नोंद मिळाली, आणि त्यांपैकी जवळपास एकतृतीयांश नोंदींत मुलाचे नावदेखील नव्हते, तर सुमारे निम्म्या नोंदींत मृत्यूचे कारण नव्हते. शाळेत दगावलेल्या मुलाचा देह आईवडिलांकडे न पाठवण्याचीच बहुतांश काळ प्रथा होती, कारण तो खर्च उचलायला सरकारी खाते तयार नसे. शाळेत गेलेले मूल कोठे पुरले, हे अनेक घरांना कधी कळलेच नाही, आणि म्हणूनच त्यांच्या नातवंडांना आज जमीन तपासावी लागते आहे.